लोगेन फितूर होता का?

लढाई ऐन भरात आहे. ठरल्याप्रमाणे बुरुजावर जाळ पेटतो. ही खूण दिसली की बाजूला दबा धरून बसलेल्या सेनापतीनं शत्रूवर तुटून पडायचं, असं नकाशावर बोट ठेवून आधीच ठरलेलं. सेनापतीला जाळ दिसतो. तो क्षणभर बघतो आणि आपल्या सैन्याला माघारीचा हुकूम देतो. खाली राजा मारला जातो.

मराठी माणसाला एवढंच सांगून ‘ओळखा पाहू कोण?’ असं विचारलं, तर बहुतेक जण थेट पानिपतावर पोचतील. पण हा सेनापती मराठा नाही आणि अफगाणही नाही. त्याचं नाव लोगेन मॅक टिअर. त्याची जन्मभूमी फेरेल्डन नावाचं राज्य असली, तरी खरा जन्म झाला तो इथे, आमच्या एडमंटनमध्ये, बायोवेअर नावाच्या कंपनीत. ‘ड्रॅगन एज: ऑरिजिन्स’ हा त्यांचा कॉम्प्युटर गेम नोव्हेंबर २००९ मध्ये बाजारात आला आणि त्या वर्षीच्या उणे तीसच्या थंडीत आमच्या बेसमेंटमध्ये मुक्कामाला राहिला.

दिवाळी अंकात गेमवर लेख कशाला, असं काही वाचकांना वाटेल. मंडळी, मी इथे येण्याआधी साताऱ्याला काही वर्षं शाळेत इतिहास शिकवत होते. अमुक राजा चांगला की वाईट, यावर मुलांनी तावातावानं भांडावं म्हणून मी काय काय खटपटी केल्या होत्या! वर्गात जे महिनोन्महिने जमलं नाही, ते या गेमनं माझ्याच घरात, कुणी न सांगता घडवून आणलं. जेवणाच्या टेबलावर भांडण कशावरून? तर लोगेनला माफ करावं की त्याचं डोकं उडवावं. मुलगा एका बाजूला, मुलगी दुसऱ्या बाजूला. त्यातच सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेले माझे सासरे, आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो, तेही पहिल्या आठवड्यापासून या वादात पडले. तेव्हा हा विषय इतिहासाचाच आहे असं मी धरून चालले आहे.

आता थोडं मागे जाते. कारण ‘सोबत्याचं चारित्र्य’ हा प्रकार गेममध्ये आला कुठून, हे कळल्याशिवाय लोगेनची गंमत कळणार नाही.

१९७४ साली अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या गावातून ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा एक खेळ निघाला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन हे त्याचे कर्ते. हा कॉम्प्युटरचा खेळ नव्हता. चार-पाच जणांनी टेबलाभोवती बसायचं, फासे टाकायचे आणि प्रत्येकानं एक पात्र होऊन बोलायचं, असा तो खेळ. प्रत्येक पात्राची एक कुंडली असते म्हणा ना! ताकद किती, बुद्धी किती, असे आकडे मांडायचे. त्याच कुंडलीत एक घर होतं ‘अलाइनमेंट’चं, म्हणजे या पात्राचा नैतिक कल कुठला. सुरुवातीला तीनच कल होते: सुव्यवस्था, तटस्थता आणि अनागोंदी. ही कल्पना पोल अँडरसन आणि मायकेल मूरकॉक यांच्या अद्भुतकथांवरून घेतलेली. यात चांगलं-वाईट असा वेगळा शब्द नव्हता. १९७६ मध्ये गायगॅक्सनं एक लेख लिहून चांगलं आणि वाईट अशी दुसरी रेघ पहिल्या रेघेवर आडवी मारली. १९७८ च्या नियमपुस्तकापर्यंत नऊ घरांचा पक्का तक्ता तयार झाला. नियम पाळणारा सज्जन, नियम न मानणारा सज्जन, नियम पाळणारा दुष्ट, अशी एकूण नऊ माणसं. जगातला कुठलाही माणूस या नऊ घरांपैकी एकात बसलाच पाहिजे.

माझं मत विचाराल तर हा तक्ता फार हुशार आहे आणि तितकाच लबाड आहे. ‘नियम पाळणारा दुष्ट’ हे घर ज्यानं शोधलं त्याला माणसं कळत होती. सगळी कागदपत्रं चोख ठेवून लोकांचं वाटोळं करणारे किती जण आपण पाहिलेत! पण एकदा कपाळावर शिक्का बसला की विचार करायचं काम संपतं. तो दुष्ट आहे, कारण कुंडलीत तसं लिहिलंय.

आता बायोवेअर. १९९५ साली ही कंपनी काढली तीन डॉक्टरांनी: रे म्युझिका, ग्रेग झेश्चुक आणि ऑगस्टिन यिप. तिघंही युनिव्हर्सिटी ऑफ अल्बर्टामधून वैद्यकीय शिक्षण घेतलेले. पोटाच्या विकारांचं निदान शिकवणारं सॉफ्टवेअर वगैरे बनवता बनवता हे लोक गेमकडे वळले. यिप पुढे परत डॉक्टरकीकडे गेले, बाकीचे दोघे गेमच करत राहिले. (डॉक्टर झालेला मुलगा गेम बनवायचं म्हणतोय, हे आपल्यापैकी कुणाच्या घरी घडलं असतं तर केवढा हलकल्लोळ झाला असता, याची कल्पना करून बघा.)

त्यांचा ‘बॉल्डर्स गेट’ १९९८ मध्ये आला आणि त्याचा दुसरा भाग २००० मध्ये. टेबलावरचा तो नऊ घरांचा तक्ता त्यांनी जसाच्या तसा कॉम्प्युटरवर आणला. फरक एकच. टेबलाभोवती आपल्याबरोबर मित्र बसलेले असतात. इथे खेळणारा एकटा असतो आणि सोबती लिहिलेले असतात. ते बोलतात, कुरकुरतात, आपापसांत भांडतात. टोळीच्या नावलौकिकाला १ ते २० गुण असतात. तुम्ही फार पापं केलीत की सज्जन सोबती सोडून जातात आणि फार पुण्य केलंत की दुष्ट सोबती वैतागून निघून जातात! केल्डॉर्न नावाचा धर्मनिष्ठ योद्धा आणि व्हिकोनिया नावाची परागंदा पुजारीण एकाच टोळीत ठेवली, तर दोघं एकमेकांच्या जिवावर उठतात.

ही व्हिकोनिया लक्षात ठेवण्यासारखी आहे. कुंडलीत ‘दुष्ट’. पण दुसऱ्या भागात ती आपल्याला पहिल्यांदा दिसते तेव्हा जमाव तिला खांबाला बांधून जिवंत जाळायला निघालेला असतो, तोही तिच्या वंशावरून. तिला सोडवायचं की नाही? सोडवलं आणि पुढे तिच्याशी जीव जुळला, तर २००१ च्या पुरवणी भागात तिच्या कुंडलीतलं घर चक्क बदलतं. दुष्टची ती तटस्थ होते. तक्त्यातला शिक्का पुसता येतो, हे बघून खेळणारे हरखून गेले. त्याच गेममधला योशिमो मात्र कागदावर ‘तटस्थ’, वागायला गोड, आणि ऐन वेळी आपल्याला शत्रूच्या हवाली करणारा. नंतर कळतं की त्याच्यावर जादूचं बंधन होतं, न ऐकलं तर मरण. मग तो फितूर म्हणायचा का? तक्ता इथे काहीच सांगत नाही.

असो. हे सगळं झाल्यावर बायोवेअरनं ‘ड्रॅगन एज’ लिहायला घेतला आणि त्यात तो तक्ताच काढून टाकला. कुंडलीत नैतिक कलाचं घरच नाही. त्याऐवजी प्रत्येक सोबत्याचं आपल्याबद्दलचं मत तेवढं मोजायचं, उणे शंभर ते अधिक शंभर. म्हणजे सोबती चांगला की वाईट हे गेम सांगत नाही. तो तुमच्यावर खूश आहे की नाही, एवढंच सांगतो. बाकीचं तुमचं तुम्ही ठरवा. डेव्हिड गेडर हे या गेमचे मुख्य लेखक, आणि लोगेन हे त्यातलं सगळ्यात अवघड पात्र.

त्याची हकीकत थोडक्यात अशी. फेरेल्डन हे राज्य अनेक वर्षं शेजारच्या ऑर्ले या बलाढ्य साम्राज्याच्या टाचेखाली होतं. लोगेन हा साध्या शेतकऱ्याचा मुलगा. परागंदा राजपुत्र मॅरिक याच्या बाजूनं तो लढला, ऑर्लेला हाकलून दिलं आणि स्वतःच्या हिमतीवर राज्यातला पहिल्या प्रतीचा सरदार झाला. मॅरिकच्या मुलाला, केलनला, त्यानं आपली मुलगी अनोरा दिली. गेम सुरू होतो तेव्हा मॅरिक गेलेला आहे, तरुण केलन राजा आहे, आणि दक्षिणेकडून डार्कस्पॉन नावाचं राक्षसी सैन्य जमिनीतून वर आलं आहे. त्याच्याशी लढण्यासाठीच वाहून घेतलेला एक पंथ आहे, ग्रे वॉर्डन. आपण त्यातले नवशिके. ऑस्टगारच्या पडक्या किल्ल्यापाशी लढाई होते, जाळ पेटतो, आणि लोगेन निघून जातो. केलन मरतो, वॉर्डनांचा म्होरक्या डंकन मरतो. परत जाऊन लोगेन स्वतःला मुलीच्या वतीनं कारभारी जाहीर करतो आणि राजाच्या मृत्यूचं खापर वॉर्डनांवर फोडतो.

आपण पुढचे तीस-चाळीस तास (हो, तास!) या माणसाचा बदला घ्यायच्या मार्गावर चालत राहतो. शेवटी सरदारांची सभा भरते, लोगेन द्वंद्वयुद्धात हरतो आणि गुडघ्यावर येतो. आता तलवार चालवली की झालं, असं वाटत असतानाच एक जुना वॉर्डन मधे पडतो आणि म्हणतो, याला मारू नका, वॉर्डन करा. आपल्याला माणसं कमी आहेत. तुम्ही हो म्हणालात तर लोगेन तुमचा सोबती होतो. पण त्याच क्षणी अ‍ॅलिस्टर, पहिल्या दिवसापासून तुमच्याबरोबर असलेला, डंकनला बापाच्या जागी मानणारा, विनोदी आणि हळवा अ‍ॅलिस्टर, पथक सोडून निघून जातो. काही जणांच्या खेळात तो पुढे, २०११ च्या दुसऱ्या भागात, कर्कवॉल शहरातल्या गुत्त्यात दारू पिऊन पडलेला भेटतो. माझ्या मुलीला तो तसा भेटेल एवढ्या नुसत्या कल्पनेनंच रडू आलं होतं.

इथून वाद सुरू होतो, आणि तो जगभर वर्षानुवर्षं चालला.

लोगेनच्या बाजूनं बोलणारे म्हणतात: जाळ उशिरा पेटला, कारण बुरूज शत्रूनं आधीच घेतला होता. तोवर दरीतली लढाई हातातून गेली होती. उरलेलं सैन्यही त्यात लोटलं असतं तर राज्याला कुणी वालीच उरला नसता. शिवाय आघाडीवर उभा राहू नकोस, असं त्यानं राजाला आधीच बजावलं होतं. केलनला मात्र ही लढाई गाण्यांत गायली जावी अशी हौस. हे सगळं गेममध्ये स्पष्ट आहे. गेडर यांच्या २००९ च्या ‘द स्टोलन थ्रोन’ या कादंबरीत तरुण लोगेन दिसतो, आणि तिथे त्यानं नेमकं उलट केलेलं आहे. तिथे तो मॅरिकला वाचवण्यासाठी आपली माणसं लढाईत सोडून धावतो. तेव्हा एका माणसासाठी अनेकांना सोडलं, आता अनेकांसाठी एकाला. हे वाचल्यावर ऑस्टगारकडे पुन्हा बघावंसं वाटतं.

विरुद्ध बाजू म्हणते: मग एमनचं काय? एमन हा केलनचा मामा आणि मोठा सरदार. त्याला लोगेननं पाठवलेल्या माणसानं विष घातलं. ऑस्टगारहून जीव वाचवून आपण जवळच्या गावात पोचतो, तेव्हा एमन आजारी असल्याची आणि त्याचे शिलेदार औषधाच्या शोधात बाहेर पडल्याची बातमी तिथे आधीच आलेली असते. म्हणजे विषाचा बेत लढाईच्या आधीचा. माघार हा त्या क्षणीचा निर्णय असेलही, पण दरबारातले विरोधक बाजूला सारायचं काम आधीच सुरू झालं होतं. इतिहास शिकवलेल्या बाईला हा पुरावा फार आवडला, हे कबूल करते. तारखांचा मेळ घालणं म्हणजेच अर्धा इतिहास.

२०१० मध्ये ‘रिटर्न टू ऑस्टगार’ नावाची छोटी पुरवणी आली. त्यात बर्फात गाडल्या गेलेल्या रणभूमीवर परत जाऊन मेलेल्या राजाची पत्रं सापडतात. केलन ऑर्लेच्या सम्राज्ञीशी बराच जवळिकीचा पत्रव्यवहार करत होता, आणि अनोराला मूल होत नाही म्हणून तिला बाजूला सारावं, असं मामा एमन त्याला सुचवत होता. आता बघा! ज्या ऑर्लेला हाकलण्यात लोगेनची उमेद गेली, त्यांनाच जावई घरात आणणार, आणि तेही आपल्या मुलीला टाकून. ही पत्रं वाचल्यावर आमच्या मुलाची बाजू एकदम भक्कम झाली. “बघ आई, ही वॉज राइट!” मुलगी शांतपणे म्हणाली, “त्याला ही पत्रं लढाईच्या आधी माहीत होती असं कुठे लिहिलंय?” मला दोघांचाही अभिमान वाटला.

अण्णा मात्र पहिल्या दिवसापासून एकाच ठिकाणी अडून बसले होते. त्यांना गेम दिसत नव्हता, पानिपत दिसत होतं. १४ जानेवारी १७६१. विश्वासराव पडले, सदाशिवरावभाऊ गर्दीत दिसेनासे झाले, आणि मल्हारराव होळकर आपली फौज घेऊन बाहेर पडले. का, यावर आपण अडीचशे वर्षांहून जास्त भांडतोय. कुणी म्हणतं, भाऊंनीच बायकांना सुखरूप बाहेर काढायला सांगितलं होतं. कुणी म्हणतं, नजीबखानाशी मल्हाररावांचं जुनं सूत होतं. १७५७ मध्ये दिल्लीला हाती लागलेला नजीब मल्हाररावांच्या शब्दावर सुटला होता, हे तर खरंच आहे. तिसरं म्हणणं साध्या सैनिकाचं: लढाई गेली होती, फौज वाचवली. त्याच वर्षाअखेर मांगरोळला मल्हाररावांनी जयपूरकरांचा पराभव केला तो या वाचलेल्या फौजेच्या बळावरच. अण्णांचं मत होळकरांच्या बाजूचं, म्हणून लोगेनच्याही बाजूचं. “म्हातारा सेनापती पोरासोरांच्या हट्टापायी फौज का मारून घेईल?” असं ते म्हणायचे आणि नातू टाळ्या वाजवायचा.

मला ही तुलना अर्धीच पटते. मल्हारराव माघारी येऊन गादीचे कारभारी झाले नाहीत, की भाऊंच्या मृत्यूचं खापर त्यांनी दुसऱ्या कुणावर फोडलं नाही. शेवटपर्यंत, म्हणजे १७६६ पर्यंत, ते पेशव्यांचेच सरदार राहिले. लोगेननं जे केलं ते माघारीनंतर केलं. म्हणून ‘मागे का फिरला’ यावर सगळा वाद घालणंच मला चुकीचं वाटतं.

कारण या गेममध्ये आणखी एक जागा आहे, जिच्याबद्दल फार कमी लोक भांडतात. डेनरिम या राजधानीत एल्फ लोकांची तटबंद वस्ती आहे, एलियनेज म्हणतात तिला. एल्फ म्हणजे इथले घरकाम करणारे, हमाली करणारे, कुणी मारलं तरी दाद मागता न येणारे लोक. गेमच्या उत्तरार्धात आपण तिथे जातो तेव्हा दारावर रांग लागलेली असते. वस्तीत साथ आली आहे म्हणून टेव्हिंटर देशाचे वैद्य तपासणी करतायत, असं सांगतात. दवाखान्यात गेलेली माणसं परत येत नाहीत. आत शिरलं की कळतं, वैद्य वगैरे कुणी नाही. ते गुलामांचे व्यापारी आहेत आणि माणसं पिंजऱ्यात भरून जहाजानं पाठवली जातायत. कुणाच्या परवानगीनं? कागद सापडतो. परवानगी लोगेनची. यादवीसाठी पैसा हवा होता, म्हणून प्रजा विकली.

सभेत हे पुढे आल्यावर तो नाकारत नाही. वस्तीचं रक्षण करणं शक्यच नव्हतं, दंगलीनंतर तिथे काही उरलंच नव्हतं, अशा अर्थाचं काहीतरी बोलतो आणि आपण आपलं कर्तव्य केलं असं सांगतो.

ऑस्टगारला शंका घ्यायला जागा आहे: जाळ, वेळ, सैन्याची संख्या, राजाचा हट्ट. एलियनेजमध्ये कसलीच शंका नाही. कागद आहे, पिंजरे आहेत, नफा आहे. तरीही ‘लोगेन चांगला की वाईट’ म्हटलं की दहा पानं राजावर आणि दोन ओळी एल्फांवर. जिथे पुरावा अर्धवट असतो तिथे वकिली करायला मजा येते, हे एक कारण झालं. दुसरं कारण मला जास्त बोचतं. राजाला नाव असतं, घराणं असतं. पिंजऱ्यातल्या माणसांना नसतं.

आणि हे मी अण्णांनाही म्हटलं. पानिपतावर आपण बोलतो तेव्हा भाऊ, विश्वासराव, मल्हारराव, गोलाची लढाई की गनिमी कावा, हेच बोलतो. फौजेबरोबर यात्रेला म्हणून आलेले, बाजारबुणगे, बायका, पोरं, असे हजारो लोक तिथे होते. लढाई संपल्यावर त्यातल्या कितीतरी बायका-मुलांना गुलाम म्हणून नेलं. त्यांचं पुढे काय झालं यावर आपल्या घरात कधी वाद झालेला मी ऐकला नाही. अण्णा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “त्यांची बखर कोण लिहिणार सूनबाई?” आणि उठून चहा टाकायला गेले. ते स्वतःहून चहा टाकायला गेल्याची ही बहुधा पहिलीच वेळ.

आमच्या दोन्ही मुलांनी निकाल वेगवेगळा दिला, आणि त्याचं कारण गेमच्या रचनेत आहे. सुरुवातीला आपण कोण हे निवडता येतं, सहा पर्याय असतात. मुलगा सरदार घराण्यातला झाला होता. मुलगी डेनरिमच्या त्याच वस्तीतली एल्फ. त्यामुळे मुलगी त्या दवाखान्यात शिरली तेव्हा पिंजऱ्यात तिचा गेममधला बापच होता. व्यापाऱ्यांचा मुख्य तिथे सौदा देऊ करतो: मला जाऊ दे, या लोकांच्या रक्तावर जादू करून तुझी ताकद वाढवून देतो. मुलाला हा सौदा म्हणजे एक वाईट पर्याय वाटला, त्यानं तो नाकारला आणि पुढे गेला. मुलीनं कंट्रोलर खाली ठेवला आणि पाणी प्यायला वर आली. तिनं लोगेनला जिवंत ठेवला नाही. गेम तोच, संवाद तेच, पुरावा तोच.

मुलानं मात्र त्याला सोबती केला, आणि मग जे झालं ते मी सोफ्यावर बसून पाहिलं. मुक्कामाच्या जागी लोगेन आगीपाशी उभा असतो. त्याच्याशी बोलता येतं. तो मॅरिकबद्दल बोलतो, ऑर्लेच्या राजवटीत पाहिलेल्या गोष्टी सांगतो. त्याला भेट काय आवडते, तर जुने नकाशे! नकाशा दिला की आकडा वर जातो. हा माणूस आता आपल्या टोळीत जेवतो, आपल्यासाठी ढाल पुढे करतो, आणि शेवटी ज्या घावानं घाव घालणाराच मरणार तो घाव ‘मला घालू दे’ असंही म्हणतो. मुलानं तो त्याला घालू दिला. तक्ता असता तर हा माणूस कुठल्या घरात घातला असता? मुलाला विचारलं तर म्हणाला, “अगं आई, नऊही घरांत.”

मला स्वतःला त्या मरणानं हिशेब मिटला असं वाटत नाही. राजाचा हिशेब कदाचित मिटला असेल. पिंजऱ्यातल्यांपैकी जे जहाजातून आधीच गेले, ते काही परत आले नाहीत, आणि लोगेनच्या शौर्यानं त्यांना काय मिळालं? पण मुलाची बाजूही मी पुसून टाकत नाही. त्यानं लोगेनचं काम माफ केलं नाही, त्याला वापरला. इतिहासात हेच जास्त वेळा घडतं.

पुढचं लवकर सांगते. २०१४ च्या ‘इन्क्विझिशन’मध्ये, तुम्ही लोगेनला जिवंत ठेवला असेल तर तो म्हातारा वॉर्डन म्हणून परत येतो, आणि तिथे पुन्हा त्याला मागे मरायला सोडायचं की नाही हे तुम्हालाच ठरवावं लागतं. त्या वेळी कंपनीनं आधीच्या निर्णयांची यादी भरायला एक वेगळी सोय केली होती. म्हणजे १९७८ साली कुंडलीत पात्राचा स्वभाव लिहायचे, आता तुम्ही दिलेला निकाल लिहायचे. २०२४ च्या ‘व्हेलगार्ड’मध्ये जुन्यापैकी मोजके तीन निर्णय तेवढे विचारले आणि त्यात लोगेन नव्हता. अनेक जुने खेळणारे चिडले. तिकडे २०२३ च्या तिसऱ्या ‘बॉल्डर्स गेट’मध्ये, जो बायोवेअरचा नाही, ती व्हिकोनिया परत आली, तीही क्रूर महंतीण होऊन. वीस-बावीस वर्षांपूर्वी जिनं आपल्यासाठी कुंडलीतलं घर बदललं, तिला परत पहिल्या घरात नेऊन बसवलं म्हणून लोक अजून रागावलेले आहेत.

हा लेख लिहिताना दोघांनाही फोन केला. मुलगा आता कॅल्गरीत असतो, मुलगी हॅलिफॅक्सला. तिघं एका वेळी फोनवर होतो. मी मुलीला विचारलं, शेवटी तुझ्या खेळात त्या वस्तीचं काय झालं? ती म्हणाली, लढाई जिंकल्यावर राज्याभिषेकाच्या दिवशी विचारतात, तुला काय बक्षीस हवं? एल्फ असशील तर वस्तीसाठी मागता येतं. मी मागितलं. मग सरदारांच्या सभेत बसायला वस्तीचा स्वतःचा माणूस नेमला गेला.

मुलगा थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, “मला हा ऑप्शन आलाच नव्हता गं.”